दुसरं मोजमाप कुणी घ्यायचं?

लोणी काळभोरमधल्या कुठल्याही अंगणवाडीत जा आणि ताईंना एखाद्या पोराचं वजन विचारा. "अकरा किलो" एवढं सांगून त्या थांबणार नाहीत. मागच्या महिन्यात किती होतं, त्याआधी किती होतं, तक्त्यावरची रेघ वर चाललीय की आडवी पडलीय, हेही सांगतील. पोर हिरव्या पट्ट्यात आहे, पण तीन महिने रेघ हललेली नाही, म्हणजे काहीतरी बिनसलंय. हे कळायला त्यांना डॉक्टर व्हावं लागत नाही.

आता त्याच गल्लीत, ज्यांच्या अंगावरून वारं गेलंय अशा एखाद्या आजोबांबद्दल विचारा. बीपी किती? फाइलमध्ये आहे. शुगर? तीही आहे. डोकं कसं चालतंय, वर्षापूर्वी चालायचं तसंच की कमी? इथं घरातले एकमेकांकडे बघतात आणि कुणीतरी म्हणतं, "वय झालं आता."

माझं भांडण या तीन शब्दांशी आहे. "वय झालं आता" हे निदान नाही. जे कधी मोजलंच नाही त्यावर टाकलेलं ते पांघरूण आहे. ते फक्त घरचे टाकत नाहीत. दवाखाने टाकतात, सरकार टाकतं, आणि ज्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात मी पगार घेतो तो धंदाही टाकतो.

पन्नास वर्षांची उधारी

१९७५ साली भारतात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी आली. त्याच वर्षी अमेरिकेत मार्शल फोल्स्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एमएमएसई ही ३० गुणांची चाचणी प्रसिद्ध केली. आज तारीख काय, आपण कुठे आहोत, हे तीन शब्द लक्षात ठेवा, शंभरातून सात वजा करत जा. दहा मिनिटांचं काम. त्याच्या वर्षभर आधी, १९७४ मध्ये, व्लादिमिर हाचिन्स्की आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये मांडलं होतं की रक्तवाहिन्यांमुळे म्हातारपणी बुद्धी उतरते ती वाहिन्या नुसत्या कडक झाल्यामुळे नाही, तर मेंदूत पुन्हा पुन्हा होणाऱ्या छोट्या-मोठ्या आघातांमुळे. आघात म्हटला की तारीख आली, पुढचा आघात टाळण्याची शक्यता आली. "वय झालं" हे उत्तर तेव्हाच जुनं झालं होतं.

म्हणजे आपली अंगणवाडी आणि बुद्धीची ही मोजपट्टी एकाच वयाच्या. वजनाचा तक्ता गल्लोगल्ली पोचला, २०२१ पासून तर तो पोषण ट्रॅकर अ‍ॅपमध्येही भरावा लागतो. बुद्धीची मोजपट्टी स्पेशालिस्टच्या टेबलाच्या खणात राहिली.

"कॉन्शस, ओरिएंटेड"

माझ्या आजोबांना घरात सगळे आप्पा म्हणतात. चार वर्षांपूर्वी त्यांना पहिला झटका आला. उजवा हात गेला आणि दीड-दोन महिन्यांत बराचसा परतही आला. डिस्चार्जला मिळालेली फाइल बोटभर जाडीची होती: एमआरआय, मानेतल्या रक्तवाहिन्यांचा डॉपलर, टूडी इको, कोलेस्टेरॉल, किडनी. डोकं कसं चालतंय याबद्दल त्या अख्ख्या फाइलमध्ये दोन शब्द होते: "कॉन्शस, ओरिएंटेड." शुद्धीवर आहेत आणि आपण कुठे आहोत ते त्यांना कळतंय. हे खोटं नव्हतं. पण गॅरेजवाल्याने "गाडी चालू होते" असं लिहून द्यावं, तितकीच त्याची किंमत होती.

पुढच्या प्रत्येक फॉलोअपला प्रश्न ठरलेले. चालता येतंय का, गिळता येतंय का, गोळ्या वेळेवर घेता का, मूठ आवळून दाखवा. आप्पा मूठ आवळून दाखवायचे. त्याच दिवसांत ते दारं धरायला गेले की सरी भरून वाहायला लागली तरी पाणी पुढच्या सरीला वळवत नव्हते. वळवायचं असतं हे माहीत होतं, पण ते आत्ता, याच्यानंतर ते, असं काम पुढे सरकत नव्हतं. खताच्या दुकानातला हिशोब बरोबर यायचा, फक्त वीस मिनिटं लागायची. बाकी नातवंडांची नावं, भावकीतली भांडणं, बहात्तरचा दुष्काळ, सगळं जागच्या जागी. त्यामुळे घर निर्धास्त: "आठवतं की सगळं!"

सापळा इथेच आहे. स्मृतिभ्रंश म्हणजे नावं विसरणं, हे चित्र आपल्या डोक्यात अल्झायमरने बसवलं आहे. मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या आजारात बऱ्याचदा आधी जातो तो वेग. जाते ती कामाचे टप्पे लावण्याची, एक सोडून दुसरं धरण्याची ताकद. आठवण मागाहून जाते, आणि थोडी खूण दिली तर पुष्कळदा परतही येते. सोबत चाल मंदावते, लघवीची घाई होते, कशातच रस राहत नाही, मधूनच रडू फुटतं. घरच्यांना यातलं एकेक सुटं दिसतं आणि त्याला ते माहितीतली नावं देतात: आळशी झालेत, हट्टी झालेत, हळवे झालेत.

आमच्या घरात मोजमाप एकाच माणसाने केलं, आजीने. भिंतीवरच्या कालनिर्णयच्या चौकोनांत ती दुधाचा हिशोब आणि सिलिंडरची तारीख लिहिते. तिथेच तिने लिहायला सुरुवात केली: "मोटर चालूच ठेवली", "बटणं वरखाली", "दुपारी रडले". दोन वर्षांची कॅलेंडरं शेजारी शेजारी ठेवली की चित्र दिसतं. सात-आठ महिने जवळजवळ काही नाही. मग एका आठवड्यात चार नोंदी. मग पुन्हा शांत, पण आधीपेक्षा एक पायरी खाली. ही कॅलेंडरं फॉलोअपला नेली तेव्हा डॉक्टरांनी ती बाजूला सारली. उत्तर मिळालं, "वयोमानानुसार होतं."

वयोमान जिन्याच्या पायऱ्यांसारखं उतरत नाही. आघातांमागून आघात झाले की रेघ अशी तुटत तुटत उतरते. सगळ्यांचंच असं होतं असंही नाही. मेंदूच्या खोल भागातल्या बारीक वाहिन्या हळूहळू निकामी होत असतील तर उतार संथ असतो, आणि पुष्कळ म्हाताऱ्या मेंदूंत हा आजार व अल्झायमर दोन्ही एकत्र नांदतात. काही जण तर सुधारतात. झटक्यानंतर बुद्धी परतण्याची शक्यता पहिल्या सहा महिन्यांत सगळ्यांत जास्त असते. म्हणजे रेघ वर जाईल, आडवी राहील, घसरेल की पायरी उतरेल, हे आधी सांगता येत नाही. ती काढावीच लागते.

एक आकडा म्हणजे माहिती नव्हे

मी ज्या सिस्टिम सांभाळतो, त्यांचं मोजमाप दर पंधरा सेकंदांनी होतं. मेमरी किती भरली, उत्तर यायला किती मिलिसेकंद लागले. आकडा नेहमीपेक्षा हलला की कुणाचा तरी फोन वाजतो, आणि कुणाचा वाजायचा हेही ठरलेलं असतं. यातला एकेकटा आकडा कुणीच बघत नाही. "उत्तर ३०० मिलिसेकंदांत आलं" हे चांगलं की वाईट? कालपर्यंत ४० मध्ये येत असेल तर आग लागली आहे. रोज ३५० लागत असतील तर आनंद आहे.

एमएमएसईचे २६ गुण हेही तसंच. चौथी शिकलेल्या शेतकऱ्याचे २६ आणि निवृत्त हेडमास्तरांचे २६ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. हेडमास्तर कदाचित ३० वरून तिथे आले असतील. शिवाय ही चाचणी वेग आणि टप्पे लावणं फारसं मोजतच नाही, म्हणजे आप्पांचं जे गेलं तेच तिच्या जाळ्यातून निसटतं. त्यासाठी मॉका बरी. झियाद नासरेद्दीन यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या चाचणीत घड्याळ काढायला लावतात, आकडे-अक्षरं आलटून पालटून जोडायला लावतात.

पण कुठलीही चाचणी घ्या, दोन वेळांमधला एक-दोन गुणांचा फरक पुष्कळदा नुसता हेलकावा असतो. झोप झाली नव्हती, कानाचं मशीन घरी राहिलं, मन उदास होतं. उलट तोच कागद महिन्याभरात पुन्हा दिला तर शब्द पाठ झालेले असतात आणि गुण फुकट वाढतात. म्हणूनच मॉकाचे एकाहून अधिक संच केलेले आहेत. झटक्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात, हॉस्पिटलच्या कॉटवर गोंधळलेल्या माणसाचे गुण घेऊन त्यालाच बेसलाइन म्हणणं तर चूकच. हात लुळा आहे की घड्याळ जमत नाही, वाचा गेलीय की आठवण गेलीय, हे आधी वेगळं करावं लागतं.

थोडक्यात, मागोवा घेणं म्हणजे वर्षातून एकदा कुठलाही फॉर्म भरणं नव्हे. तीच मोजपट्टी, शक्यतो तीच भाषा, नोंदवलेली परिस्थिती, ठरलेलं अंतर, आणि मागचा आकडा समोर ठेवून घेतलेला पुढचा आकडा. यातलं काहीही महागडं नाही. सगळं कंटाळवाणं आहे, आणि कंटाळवाण्या कामाला आपल्याकडे वाली नसतो.

गेंडा कुणी पाहिला?

मॉकात तीन प्राण्यांची चित्रं ओळखायची असतात: सिंह, गेंडा, उंट. लोणीत ज्यांचं आयुष्य बैल, शेळ्या आणि उसाच्या फडातल्या बिबट्याच्या धास्तीत गेलं, त्यांनी गेंडा कुठे पाहायचा? बारावी किंवा त्याहून कमी शिकलेल्याला या चाचणीत एक गुण वाढवून देतात. बारावी नापास आणि शाळेची पायरीच न चढलेली बाई, दोघांना एकच गुण.

हे दुखणं नवं नाही आणि त्यावर आपल्याच देशात काम झालेलं आहे. हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत १९९० च्या दशकात मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी न शिकलेल्या लोकांसाठी एमएमएसईचं हिंदी रूप घडवलं. तिथे चाचणीची भाषा बदलली, तसा तिच्यामागचा गृहीत माणूसही बदलला. पुढे इंडियन कौन्सिल ऑफ मेडिकल रिसर्चने स्मृतिभ्रंशासाठी चाचण्यांचा संच भारतीय भाषांत बेतला. २०२० च्या सुमाराला आलेल्या त्या कामात पहिल्या भाषा होत्या हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम. मराठी नव्हती. भाषेच्या अस्मितेवर आपण दुकानांच्या पाट्या फोडतो. मराठी म्हाताऱ्याची बुद्धी मराठीत मोजायला काय हवं, यावर एक तरी मोर्चा निघालेला तुम्ही ऐकलाय?

अभ्यासात जागा आहे, ओपीडीत नाही

"भारतात वर्षानुवर्षं मागोवा घेणं जमत नाही" असं कुणी म्हणालं तर त्याला आपल्याच तालुक्यात फिरवून आणा. लोणी काळभोर हवेली तालुक्यात येतं. याच हवेली आणि शेजारच्या शिरूर तालुक्यातल्या २२ गावांत, पुण्याच्या केईएम हॉस्पिटल रिसर्च सेंटरचा वढूचा कार्यक्रम २००२ पासून घरोघर जाऊन जन्म, मृत्यू आणि स्थलांतराच्या नोंदी ठेवतो. कर्नाटकात कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपुराच्या खेड्यांत बंगळुरूचं सेंटर फॉर ब्रेन रिसर्च ४५ च्या पुढच्या माणसांची बुद्धी वर्षानुवर्षं मोजतं आहे, उद्दिष्ट १०,००० लोकांचं. मुंबईत देवनारला असलेल्या आयआयपीएसच्या पुढाकाराने ७२,००० हून अधिक भारतीयांची पाहणी झाली. तिच्याच स्मृतिभ्रंशावरच्या भागातून २०२३ मध्ये कळलं की साठीपुढच्या ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख भारतीयांना स्मृतिभ्रंश आहे.

म्हणजे जमतं. अभ्यासासाठी जमतं, पेशंटसाठी जमत नाही. अभ्यासात दुसऱ्या मोजमापासाठी माणूस नेमलेला असतो, त्याला पगार असतो, वेळापत्रक असतं. ओपीडीत दुसरं मोजमाप कुणाचंच नसतं. न्यूरॉलॉजिस्ट म्हणतो फॅमिली डॉक्टर बघेल. फॅमिली डॉक्टर म्हणतो मेंदूचं आहे, मोठ्या डॉक्टरांना दाखवा. आशाताईंच्या फॉर्ममध्ये साठीपुढच्यांसाठी एक प्रश्न आहे: जवळच्यांची नावं किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता का? हो किंवा नाही. आप्पा पुढची काही वर्षं प्रामाणिकपणे "नाही" म्हणतील आणि दरम्यान मोटर जळून जाईल. माणूस घराचा पत्ता विसरला तेव्हा ते आपल्याला कळलं, तर ती बातमी आपल्याला उशिराच मिळाली.

यंत्रणेला वर्षाकाठी एकदा म्हाताऱ्यांकडे बघता येत नाही, असंही नाही. दर नोव्हेंबरला पेन्शनरला हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ पासून तो डिजिटलही झाला. अंगठा लावा, डोळा दाखवा, जिवंत आहात हे सिद्ध करा. सरकारला तुमची हयात हवी, तीही पैसे वाया जाऊ नयेत म्हणून. तुमचं भान शाबूत आहे का, हा रकाना नाही.

आमचा धंदा

आता माझ्या बिरादरीकडे येतो. लोणीत इंजिनिअरिंगचं मोठं विद्यापीठ आहे, हडपसर-मगरपट्ट्यात कंपन्यांच्या इमारतींवर इमारती. स्मृतिभ्रंश म्हटलं की आम्हाला सुचतं ते अ‍ॅप. आवाजावरून निदान, टायपिंगच्या वेगावरून निदान, दोन मिनिटांचा खेळ खेळा आणि मेंदूचं वय बघा. डेमो झकास होतो, बक्षीस मिळतं आणि सहा महिन्यांनी सर्व्हर बंद होतो. सहा महिने! ज्या रोगाचा मागोवा दहा वर्षं घ्यायचा, त्यासाठी सहा महिने जगणारी हत्यारं. आप्पांचा फोन बदलला की मागचा डेटा गेला. अ‍ॅपने आवृत्ती बदलताना खेळ थोडा सोपा केला की रेघ वर गेली, आणि घरचे खूश.

हा प्रश्न एआयचा नाहीच. सगळ्यात हुशार मॉडेलसुद्धा न घेतलेलं मोजमाप वाचू शकत नाही. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २०२१ पासून प्रत्येकाला आरोग्य खातं देतंय. त्या खात्यात झटक्यानंतर तिसऱ्या, बाराव्या आणि चोविसाव्या महिन्याचे तीन आकडे एकाच पद्धतीने घेतलेले असतील, तर मग एक्सेलसुद्धा पुरतं.

अंगठा कुणाचा, समज कुणाची?

लोणी काळभोरसारख्या ठिकाणी यात फक्त प्रकृती पणाला लागलेली नाही. सोलापूर रोडच्या दोन्ही अंगांना उसाच्या रानांचं प्लॉटिंग होतंय. सातबाऱ्यावर नाव ज्यांचं, ते बहुतेक सत्तरीपुढचे, आणि त्यांतल्या कितीतरी जणांना बीपी, शुगर, एखादा झटका. साठेखत, हक्कसोड, बक्षीसपत्र, कुलमुखत्यारपत्र. कागदावर सही नसेल तर अंगठा.

१८७२ च्या करार कायद्याचं १२ वं कलम सांगतं की करार करताना माणसाला तो करार समजायला हवा आणि आपल्या हिताच्या दृष्टीने त्याचा परिणाम काय, याचा विचार करता यायला हवा. झटक्यानंतर दोन वर्षांनी लावलेल्या अंगठ्याच्या वेळी ती समज होती का? एक मुलगा म्हणतो, "बाबा चांगले होते." दुसरा म्हणतो, "त्यांना काही कळतच नव्हतं." कोर्टात दोघंही दहा वर्षं भांडतात, कारण त्या काळातला तारीखवार पुरावा नाही. फाइल उघडली तर त्यात "कॉन्शस, ओरिएंटेड."

रेघ असती तर ती दोन्हीकडून उपयोगी पडली असती. समज गेलेल्या आजोबांचं रान वाचलं असतं. आणि ज्यांची समज शाबूत आहे, फक्त बोलणं अडखळतं, त्यांना "म्हाताऱ्याला काय कळतंय" म्हणून बाजूला सारता आलं नसतं. म्हणूनच ही रेघ आधी त्या माणसाची स्वतःची हवी. त्याच्या संमतीने काढलेली, त्याला समजावून सांगितलेली. पोरांच्या हातातलं आणखी एक हत्यार म्हणून नाही.

"कळून उपयोग काय?"

हा सगळ्यात जड प्रतिवाद: औषध नाही, मग मोजून कशाला जीव टांगणीला लावायचा?

स्मृतिभ्रंशाच्या सगळ्या प्रकारांत हा प्रश्न सगळ्यात कमी लागू पडतो तो याच प्रकाराला. २००९ मध्ये ऑक्सफर्डच्या सारा पेंडलबरी आणि पीटर रॉथवेल यांनी जगभरचे अभ्यास एकत्र करून पाहिले. पहिल्या झटक्यानंतर लवकरच साधारण १० टक्क्यांना नव्याने स्मृतिभ्रंश होतो. झटका पुन्हा आलेल्यांत मात्र हे प्रमाण एक तृतीयांशाच्या वर जातं. म्हणजे दुसरा झटका टाळणं हे बुद्धी वाचवण्याचं काम आहे. त्याची साधनं तालुक्याच्या गावात मिळतात: रक्तदाबाची गोळी, रक्त पातळ ठेवणारी गोळी, साखर, तंबाखू आणि मिश्री सोडणं, हृदयाचे अनियमित ठोके वेळेत पकडणं. अमेरिकेत, झटका न आलेल्या पण रक्तदाब असलेल्या लोकांवरच्या एका मोठ्या चाचणीचा निकाल २०१९ मध्ये आला. वरचा रक्तदाब १२० च्या खाली ठेवलेल्यांत सौम्य बुद्धिऱ्हास कमी दिसला. पूर्ण स्मृतिभ्रंशाबाबत फरक ठाम ठरला नाही, हेही सांगायला हवं. पण रेघेत नवी पायरी दिसली आणि कुणी बीपीच्या गोळ्या तपासल्या, तर ते काही कमी नाही. झटक्यानंतरचं नैराश्य, बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, कमी ऐकू येणं, हेही बुद्धी उतरल्यासारखं दिसतं, आणि यांवर तर उपचार आहेतच.

दुसरा प्रतिवाद वेळेचा, आणि तो खरा आहे. चार मिनिटांच्या ओपीडीत न्यूरॉलॉजिस्टने घड्याळं काढून घ्यावीत असं मी म्हणत नाही. २००६ मध्येच अमेरिका-कॅनडातल्या तज्ज्ञांनी रक्तवाहिन्यांमुळे होणाऱ्या बुद्धिऱ्हासासाठी तासाभराचा, अर्ध्या तासाचा आणि पाच मिनिटांचा, असे तीन संच सुचवले. पाच मिनिटांचं काम प्रशिक्षित नर्स करू शकते, फिजिओथेरपिस्ट करू शकतो, आरोग्य उपकेंद्रातला कम्युनिटी हेल्थ ऑफिसर करू शकतो. ते आशाताईंच्या डोक्यावर फुकट टाकायचं असेल तर मात्र माझा विरोध आहे. त्यांना मोबदल्यासाठी आधीच रस्त्यावर उतरावं लागलंय.

तेव्हा मागणी अशी. झटक्याच्या पेशंटच्या डिस्चार्ज कार्डावर एक पान वाढवा. त्यावर चार गोष्टी. तिसऱ्या महिन्यातलं पहिलं मोजमाप, मराठीत, शिक्षण आणि ऐकू येण्याची नोंद करून. घरच्यांची प्रश्नावली: ही माणसं पूर्वी काय करायची आणि आता काय अडतं. अशी प्रश्नावली १९८९ पासून जगात आहे आणि तिला पेशंटची शाळा लागत नाही. तिसरी गोष्ट, पुढच्या मोजमापाची तारीख. चौथी आणि सगळ्यात महत्त्वाची, ते कुणी घ्यायचं त्याचं पद. पद लिहिलेलं नसेल तर पहिल्या तीन गोष्टी कागदावरच राहतील.

ते पान छापून येईपर्यंत कॅलेंडर आहे. तुमच्या घरात कुणाला झटका येऊन गेला असेल तर आजपासून चौकोन भरायला लागा. "विसरले" असं मोघम लिहू नका. कुठलं काम, किती वेळ लागला, कुठल्या टप्प्याला अडलं, ते लिहा. त्यांनाही सांगा की लिहिताय आणि का लिहिताय. नोंदी अचानक वाढल्या तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. आणि डॉक्टर "वयोमानानुसार" म्हणाले तर उठू नका. नम्रपणे विचारा: "मागच्या वेळी किती होतं, डॉक्टर?" उत्तर नसेल तर म्हणा, "मग आज पहिलं घ्या."